गोळी रंगनाथरावांची, शिंगं सखारामभाऊंची

मी जन्मात कधी हरीण मारलं नाही आणि खाल्लंही नाही. आमच्या घरात कुणाला अंडं खायची हुक्की आली तर त्याला गल्लीच्या बाहेर जावं लागायचं. पण हरणासाठी कुठली गोळी घ्यावी हे विचारायला कन्नडपासून पैठणपर्यंतची माणसं माझ्याकडं यायची, आणि मी सांगायचे. ज्यांनी ऐकलं त्यांच्या घरी मटण शिजलं. ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्यातल्या एकाची हकिगत इथं लिहिते. शेजारची मुलगी दिवाळीच्या अंकासाठी काहीतरी लिहून द्या म्हणून मागं लागली होती. तिला वाटलं मी चकल्यांचं लिहीन.

आम्ही पांचाळ. सासऱ्यांचं, म्हणजे मामंजींचं, दुकान सिटी चौकाच्या मागच्या गल्लीत होतं. बंदुका दुरुस्त करणं आणि काडतुसं भरणं, हे दोन धंदे. निजामाच्या राज्यात रायफली जहागीरदारांकडं असायच्या. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा सगळ्यांना हत्यारं जमा करावी लागली, आणि पुढं नवे परवाने निघाले. जुने धनी काही हैदराबादला गेले, काही सरहद्दीपार. रायफली इथंच राहिल्या. त्या मग देशमुखांनी घेतल्या, पाटलांनी घेतल्या, वकिलांनी घेतल्या. आधी दुसऱ्याच्या बंगल्यात लटकणारी रायफल आता आपल्या ओसरीत लटकते, याचंच त्यांना मोठं अप्रूप. ती चालवायची कशी हे नंतर बघू, असा कारभार होता. परवाना काढून हरीण मारायला तेव्हा बंदी नव्हती.

या रायफली विलायती, आणि त्यांची नवी काडतुसं मिळेनाशी झाली होती. म्हणून एकदा उडालेलं काडतूस लोक फेकत नसत. त्याची रिकामी पितळी पुंगळी रुमालात बांधून आमच्याकडं आणत. ती आम्ही धुवायची, पुन्हा मापात दाबायची, बुडाला नवी टोपी बसवायची, आत दारू भरायची आणि तोंडाशी नवी गोळी बसवायची. बाहेरच्या माणसाला अख्ख्या काडतुसालाच गोळी म्हणायची सवय असते. तसं नाही. गोळी म्हणजे फक्त पुढचं टोक, जे उडून जातं. बाकी सगळं हातात राहतं.

या कामासाठी मामंजींकडं एक लोखंडी दाब होता. छावणीतला एक गोरा साहेब जाताना विकून गेला होता. दाब बाकड्यावर पक्का बसवलेला, शेजारी सोनाराचा असतो तसा बारीक काटा. दारू किती घालायची ते मी इथं लिहिणार नाही. मामंजींनी बजावलं होतं, हे कुणाला सांगायचं नाही. मी त्यांचा एवढा एकच शब्द पाळला.

बाकड्यावर मी कशी बसले तेही सांगते. माझे यजमान थोरले, म्हणजे दुकान त्यांनी चालवायचं. पण त्यांना लवंगी फटाक्याचंही भय. ते कचेरीत कारकुनीला लागले आणि आयुष्यभर शाईच्या वासात सुखी राहिले. मामंजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. एकदा मी चहा घेऊन गेले तर ते दारू तोलत बसले होते.

मी म्हणाले, "मामंजी, काटा डावीकडं झुकलाय."

ते म्हणाले, "नाही झुकला."

"झुकलाय."

त्यांनी नाक काट्याला लावून पाहिलं. मग मला विचारलं, "तुला आकडे वाचता येतात?"

"चौथी पास आहे."

"ये, बस इथं."

एवढीच माझी भरती. सासूबाईंनी पंधरा दिवस तोंड फिरवलं, कारण घरात खाणारी तोंडं भरपूर आणि भाकरी थापणारे हात त्या मानानं कमी. मामंजींनीही अट घातली. गिऱ्हाइकाची एक जरी तक्रार खरी निघाली, तर बाकड्यावरून उठायचं आणि चुलीपाशी जायचं. मला स्वयंपाकाचा कंटाळा. तेव्हाही होता, आताही आहे. बाकड्यापाशी खिडकी होती, खुर्ची होती, आणि कुणी "अजून दोन वाढ" म्हणत नव्हतं. ती जागा मला काही झालं तरी सोडायची नव्हती. बाकी कलाबिला मला काही ठाऊक नाही.

आता गोळी निवडायची कशी ते साध्या भाषेत सांगते. आमच्याकडं मुख्य दोन जाती होत्या. एक टणक. तिला टोकापर्यंत तांब्याचं कवच, आतलं शिसं कुठंच दिसत नाही. ही आत शिरते तशीच्या तशी पलीकडं निघते. दुसरी मऊ नाकाची. तिच्या टोकाला शिसं उघडं असतं. अंगात शिरली की ते टोक चेपतं, पसरतं, आणि गोळीचा सगळा जोर जनावराच्या आतच खर्च होतो. हरणाचं अंग नाजूक. टणक गोळी त्याच्या आरपार जाते आणि त्याला लागलंय हे त्याला जरा उशिरानं कळतं. तोवर ते पळत सुटतं. मऊ नाकाची नीट बसली तर ते उभ्या जागी खाली बसतं. मऊमध्येही वजन बघावं लागतं. फार हलकी घेतली तर ती कातड्यापाशीच फुटते आणि मटणाचा चिवडा होतो. फार जड घेतली तर लांब जाईपर्यंत खाली झुकते आणि ढेकळं फोडते. मधली घ्यावी. आणि रायफलीलाही विचारावं, कारण एकाच कारखान्याच्या दोन रायफलींना एकच गोळी मानवत नाही. सासूसारखं असतं ते.

पण लांब म्हणजे किती लांब, हे गिऱ्हाईक कधी खरं सांगत नाही. शिकारी माणूस बाकी सगळ्या बाबतींत भला असला तरी अंतराच्या बाबतीत खोटारडा. म्हणून मी एक पद्धत काढली. मालकाला दुकानाच्या पायरीवर उभं करायचे आणि म्हणायचे, "इथून दाखवा, हरीण कुठं उभं असतं." मालक बोट करायचे चौकातल्या घड्याळाकडं. मग त्यांच्यासोबत पुंगळ्यांचा रुमाल धरून आलेल्या गड्याला विचारायचे, "तुम्ही दाखवा दादा." गडी मालकाकडं बघायचा, डोकं खाजवायचा आणि समोरच्या सायकलीच्या दुकानाकडं बोट करायचा. मी गड्याच्या बोटाला धरून गोळी द्यायचे.

एक म्हातारे जहागीरदार यायचे. जहागीर गेली होती, शेरवानी राहिली होती. ते मात्र दुकानातून थेट सायकलवाल्याकडं बोट करायचे आणि म्हणायचे, "बेटी, अब इत्ताच दिखता." तेवढा एकच खरं बोलणारा शिकारी मी पाहिला. त्यांचा नेम अखेरपर्यंत कधी चुकला नाही.

रंगनाथराव तसे नव्हते. ते देवगाव रंगारीकडचे, मोठे जमीनदार. भरघोस मिशा, फेटा, आणि जहागीरदाराकडून घेतलेली देखणी रायफल. एस्टीतून उतरून दुकानात शिरायचे तेव्हा आधी रायफल आत यायची, मग मिशा, मग ते. त्यांना फक्त टणक गोळी लागायची. कुठल्याशा फौजी माणसानं त्यांना सांगितलं होतं की फौजेत टणकच वापरतात.

मी पहिल्यांदाच सांगून पाहिलं, "तात्या, हरणाला मऊ नाकाची घ्या."

ते मामंजींकडं वळून म्हणाले, "मामा, ह्या पोरीला सांगा, मऊ गोष्टी बायकांनी बायकांना विकाव्या. मी रंगनाथ हाय."

मामंजी म्हणाले, "दे त्यांना काय पाहिजे ते." मी दिली.

आता त्या गावची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. मटण सगळ्या आळीत वाटायचं, त्याला तंटा नाही. पण शिंगांचा मान वेगळा. हरीण ज्याच्या रानात पडेल, शिंगं त्याची. मग गोळी कुणीही मारलेली असो. मारणारा आपल्या रानातून मारू शकतो, पण पडलेल्या जागेचा मालक शिंगं घेतो. असं का, ते मला ठाऊक नाही. काळवीट तुमचं पीक खातं तेव्हा कुणी भरपाई देत नाही, म्हणून असेल.

रंगनाथरावांच्या रानाला लागून त्यांच्या चुलतभावाचं, सखारामभाऊंचं रान. मधे एक बांध. दोघांचं बोलणं बंद होतं, पण टोमणे चालू होते. सखारामभाऊंनी उभ्या जन्मात रायफल हातात धरली नव्हती. बारीक अंगाचा, सुपारी कातरत बसणारा माणूस. रंगनाथराव आपल्या रानातल्या काळविटाला टणक गोळी मारायचे, गोळी आरपार जायची, काळवीट उधळायचं, बांध ओलांडायचं आणि सखारामभाऊंच्या ज्वारीत जाऊन पडायचं. दोन-तीन वर्षांत सखारामभाऊंच्या ओसरीची भिंत शिंगांनी भरून गेली. पाहुणे आले की विचारायचे, "भाऊ, एवढी शिकार केली?" भाऊ म्हणायचे, "आता काय सांगायचं." खोटं काही बोलायचे नाहीत. खालमानेनं सुपारी कातरायचे.

रंगनाथरावांच्या भिंतीवर एक कॅलेंडर होतं.

हे मला कळलं ते रंगनाथरावांच्या तक्रारीमुळं. एका सकाळी ते दुकानात आले आणि रायफल बाकड्यावर माझ्या पुढ्यात ठेवून मामंजींना म्हणाले, "मामा, तुमच्या सुनेची दारू पाणी झालीय. गोळी लागती, रगत दिसतं, पर हरीण पडत नाय. पाहुण्यांनी माझ्या घरी बसून त्याच्या घरची शिंगं बघायची व्हय? आता दारू वाढवून द्या. नसता मी दुसरीकडं जातो, अन् का जातो ते कचेरीत सांगून जातो."

दुकानाचा परवाना नवा करायचे दिवस जवळ आले होते. मामंजींनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना मी नीट दिसत नव्हते, पण मला ते नीट दिसत होते. तो चेहरा चुलीकडं बोट दाखवणारा होता.

मी म्हणाले, "दारू वाढवली तर गोळी अजून जोरात आरपार जाईल. काळवीट सखारामभाऊंच्याही पुढच्या रानात पडेल. तिसऱ्याची भिंत कशाला सजवता?"

"मामा, ही पोर लई बोलती."

मामंजी म्हणाले, "बोलते. तक्रार खरी का खोटी ते आम्ही तुमच्या गावी येऊन बघू. खरी निघाली तर बाकड्यावर ती दिसायची नाही."

म्हणजे खटला उभा राहिला आणि आरोपी मी.

त्याच आठवड्यात दुकानात एक बारीकसा माणूस सीताफळांची पाटी घेऊन आला. मामंजी जेवायला गेलेले. पाटी खाली ठेवून त्यानं आधी सगळ्या कपाटांकडं बघून घेतलं.

"तुमीच का त्या बाई, गोळ्या भरणाऱ्या?"

"व्हय. पुंगळ्या कुठायत?"

"पुंगळ्या नाय. मी सखाराम. रंगनाथचा चुलतभाऊ." मग पाटी पुढं सरकवत म्हणाले, "बाई, त्याला हाय तीच गोळी देत जा. माझं काय मागणं नाय दुसरं. लई चांगली गोळी हाय ती."

मला हसू आवरेना. जिनं हरीण कधी खाल्लं नाही तिच्याकडं, ज्यानं हरीण कधी मारलं नाही तो माणूस, तिसऱ्यासाठी गोळी निवडायला आला होता. मी सांगितलं, "भाऊ, ज्याच्या हातात रायफल नाही त्याला मी गोळीतलं काही विचारत नाही आणि सांगतही नाही. सीताफळं परत न्या."

"कामून? गोड हायत."

"गोड असतील. पण मला बाकडं जास्त गोड आहे."

ते पाटी उचलायला वाकले. चेहरा इतका पडला की मला राहवेना. शिवाय रंगनाथराव मला दोनदा पोर म्हणाले होते आणि मी तेव्हा दोन लेकरांची आई होते. मी म्हणाले, "भाऊ, बांधाला लागून तुम्ही काय पेरता?"

"ज्वारी."

"काळविटाला ज्वारी आवडते का हरभरा?"

ते वाकलेले तसेच थांबले. मग सरळ झाले. पाटीतली चार सीताफळं काढून बाकड्यावर ठेवली आणि पाटी उचलून निघाले. मी काही सांगितलं नव्हतं. फक्त विचारलं होतं. सीताफळं मात्र खरंच गोड निघाली.

पुढं आम्ही देवगावाकडं गेलो. मामंजी, मी, आणि पिशवीत दोन्ही जातींची काडतुसं. रंगनाथरावांनी विहिरीपाशी खाट टाकली होती. बायकामाणसं घराच्या दारात आणि गडी झाडाखाली. बांधाच्या पलीकडं सखारामभाऊ सुपारी कातरत उभे. दारूगोळ्याची परीक्षा म्हणजे काय, हे बघायला अर्धं गाव लोटलं होतं.

मी काकींना, म्हणजे रंगनाथरावांच्या बायकोला, विचारलं, "काशीभोपळे आहेत का घरात?"

"हायत. कामून?"

"दोन द्या. मोठे."

"भाजीला का?"

"नाही. तात्या त्यांना मारणारेत."

काकी म्हणाल्या, "बरंय. कशाला तरी मारतील."

झाडाखाली गडी खोकल्यासारखे हसले. दोन्ही भोपळे मातीच्या ढिगापुढं ठेवले. आधी टणक गोळी. रंगनाथरावांचा नेम वाईट नव्हता, हे मला कबूल केलंच पाहिजे. बार झाला. भोपळा जागच्या जागी. मी जाऊन बघितलं, पुढं करंगळीएवढं भोक, मागंही करंगळीएवढंच. भोपळा उचलून मी त्यांना दाखवला. "ह्याला अजून कळलेलं नाही, तात्या. हा सखारामभाऊंच्या रानापर्यंत आरामात जाईल."

मग मऊ नाकाची. तात्यांनी ती हातात घेऊन नाक मुरडलं. "हीच का ती बायकी?"

"हीच."

बार झाला आणि भोपळा नाहीसा झाला. अर्धा मातीवर आणि बिया पार झाडाखालच्या गड्यांपर्यंत. जाड सालीचा एक तुकडा हवेत फिरत बांधापलीकडं गेला आणि सखारामभाऊंच्या पायाशी पडला. त्यांनी तो उचलून इकडून तिकडून न्याहाळला आणि मोठ्यानं म्हणाले, "माझ्या रानात पडलाय. माझा."

पहिल्यांदा काकी हसल्या. मग सगळं गाव हसलं. रंगनाथराव हसले नाहीत, पण त्यांनी पिशवीतली सगळी मऊ काडतुसं मागून घेतली. मामंजी खाटेवरून म्हणाले, "दारू पाणी झालीय का, तात्या?" तात्या म्हणाले, "चहा घ्या."

निघताना त्यांचा गडी मारुती विहिरीपाशी माझ्याजवळ आला. तो दुकानात पुंगळ्यांचा रुमाल घेऊन यायचा, सायकलवाल्याकडं बोट करणारा तोच. हळूच म्हणाला, "बाई, बरं झालं. गेल्या साली एक लागलेलं पळालं ते घावलंच नाय. मागून वढ्यात दिसलं. जितं व्हतं. घारी फिरत व्हत्या म्हणून कळलं." मी पिशवी उचलली. एस्टीत बसल्यावर मात्र डोक्यातून ते जाईना. ती गोळी आमच्याच बाकड्यावरची असणार, दुसरी कुठली असणार. मी रडणारी बाई नाही. पण त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की हरणासाठी टणक गोळी या हातानं पुन्हा भरायची नाही. सांगितलं मात्र कुणालाच नाही, कारण सांगितलं असतं तर मामंजी म्हणाले असते, दुकान गिऱ्हाइकाचं असतं.

थंडी पडली. हरभरा वर आला असेल, असं मला मधूनच वाटायचं. आणि रंगनाथराव दुकानात आले. या वेळी आधी मिशा आल्या, रायफल मागं.

खुर्चीवर बसून ते मामंजींना म्हणाले, "मामा, तुमच्या सुनेची गोळी..." आणि थांबले.

मामंजींनी विचारलं, "हरीण पडतं का?"

"पडतं."

"पळतं का?"

"नाय. उभं असतं तिथंच बसतं. मुंगीएवढंबी हलत नाय."

"मग तक्रार कशाची?"

रंगनाथरावांनी मिशीचं टोक ओढलं. "त्यानं बांधाला हरभरा पेरलाय. कळपच्या कळप त्याच्याच रानात उभा. माझ्या कपाशीत कोण येतंय? मी हिकडून मारतो, ते तिकडंच बसतं. त्याच्याच हरभऱ्यात. चार शिंगजोड्या झाल्या, मामा. आता त्याच्या भिंतीवर जागा नाय तर त्यानं आतल्या खोलीत लावलीत."

मी पुंगळ्या पुसत होते. तशाच पुसत राहिले.

"म्हणून म्हणतो, मला ती जुनीच द्या. टणक. म्हंजी ते पळंल, अन् पळून माझ्या रानात येऊन पडंल."

मी म्हणाले, "ती मिळायची नाही."

"संपली का?"

"संपली नाही. कपाटात आहे. हरणासाठी देणार नाही. तुमच्या भिंतीसाठी हरणानं पोटात भोक घेऊन बांध ओलांडायचा, ते काही तुमचा सालगडी नाही. आणि ते तुमच्याच बाजूला पळेल हे त्याला कोण सांगणार? ओढ्याकडं पळालं तर? एक गेलंच होतं."

रंगनाथरावांनी मामंजींकडं पाहिलं. दुकानात गिऱ्हाइकाला नाही म्हणण्याची तोवर कुणाचीच प्राज्ञा नव्हती. परवाना नवा होऊन आला होता, पण कचेरी अजून जागेवरच होती. मी हातातली पुंगळी खाली ठेवली. उठावं लागलं तर हात रिकामे असलेले बरे.

मामंजींनी काटा चाचपला. मग म्हणाले, "तात्या, मला आता नीट दिसत नाही. बाकड्यावर ती बसते. तिला विचारा."

"ती नाय म्हणती."

"मग नाही."

बस. मामंजींनी माझं कौतुक केलं ते एवढंच, आणि तेही माझ्याकडं न बघता. त्यानंतर सासूबाईंनी भाकरीसाठी मला हाक मारली नाही.

रंगनाथराव उठेनात. बिचारे खरोखर हरले होते. मी विचारलं, "तात्या, कपाशी बांधापर्यंत कशाला? तुम्हीही हरभरा पेरा की."

त्यांनी माझ्याकडं पहिल्यांदा नीट पाहिलं. मग हळूहळू म्हणाले, "त्याला बी तुमीच सांगितलं का?"

"मी गोळीशिवाय काही सांगत नाही. हे विचारते आहे."

पुढच्या साली बांधाच्या दोन्ही अंगांना हरभरा. मारुती सांगायचा, काळविटांनी एवढे लाड उभ्या जन्मात पाहिले नसतील. दोघं भाऊ एकमेकांच्या हरभऱ्यावर डोळा ठेवून, कुणाचा हिरवा जास्त. मग एके दिवशी मारुती एकटाच दुकानात आला, धापा टाकत. "बाई, मोठं काळवीट पडलं. लई मोठं. गावात अशी शिंगं कुणी बघितली नाय."

"कुणाच्या रानात?"

"बांधावर."

"बांधावर म्हणजे कुठं?"

"बराब्बर बांधावर. मान तिकडं, बूड हिकडं. गोळी लागली तिथंच बसलं. दोघं दोन बाजूंनी उभी हायत. गाव म्हणतंय, ज्या बाईनं गोळी दिली तिला विचारा."

दुकान सोडून मी काही जाणार नव्हते. मी मामंजींची लोखंड कापायची करवत फडक्यात गुंडाळून मारुतीच्या हातात दिली. "कवटीच्या मधोमध. आणि सांग, वाकडं कापलं तर दोघांचीही शोभा जाईल."

पुढं हरणाच्या शिकारीवर कायमची बंदी आली. रायफली भिंतीवर गेल्या, पुंगळ्या कुणी आणेना. मामंजी तोवर राहिले नव्हते. दाब मी भंगारात दिला, बाकडं ठेवलं. लाकूड चांगलं आहे. धंदा गेल्याचं मला वाईट वाटलं का असं लोक विचारतात. धंद्याचं वाटलं. हरणं वाचली त्याचं बरं वाटलं. दोन्ही एका वेळी वाटू शकतं.

मागं त्या गावात एका लग्नाला गेले होते. दोघे भाऊ आता नाहीत. बांधाला अजूनही हरभरा असतो आणि काळविटं तो कुणाला न भिता खातात. दोन्ही घरांतली पोरं त्यांच्या नावानं ओरडत असतात. रंगनाथरावांच्या ओसरीत एक शिंग आहे, सखारामभाऊंच्या ओसरीत दुसरं, बाकीच्या जोड्यांच्या वर, मधोमध. दोन्हीकडच्या नातवंडांनी मला तेच सांगितलं, की आमच्या आजोबांनी मारलेलं. मी दोन्हीकडं मान डोलावली आणि दोन्हीकडं एकच गोष्ट विचारली.

आमची करवत कुठंय? ती पलीकडच्या घरी आहे, असं दोन्हीकडचे म्हणतात.